झाऱ्याने उतरलेली लहर

त्या रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्याच्या हातांवर माणसं, दारात माणसं, आणि शेजारचे इंजिनिअरकाका तर श्वास रोखून अगदी पुढे. सगळ्यांच्या देखत, घरोघरच्या इंटरनेटच्या लहरी दुरुस्त करणाऱ्या लहरगुरुजींनी आपला दोन दात्यांचा लोखंडी काटा टुंग करून वाजवला, आजोबांच्या गेमच्या डब्याला टेकवला, मोबाइलवर झुकून 'मापन' केलं आणि मान डोलावली.

टीव्हीवर गोल गोल फिरणारं चाक थांबलं. डबा इंटरनेटला जोडला गेला होता.

वरच्या मजल्यावरच्या मावशी बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांचे डोळे पाणावले. माझं मात्र डोकं सणकत होतं. तसले नादकाटे आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत खोकंभर पडलेत. त्यांनी आजवर कुणाला इंटरनेट जोडून दिलेलं नाही.

आता आजोबांना गेमचा डबा कशाला, असं तुम्ही विचाराल. आजोबा जन्मभर शिंपीकाम करत आले. गेल्या वर्षअखेरीस अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हा डबा सुचवला. त्याची कांडी हातात धरायची, हात उचलायचा, की टीव्हीवर चेंडू घरंगळत जातो आणि बाहुल्या पाडतो. हात किती उठला ते इंटरनेटवरून बाईंना त्यांच्या दवाखान्यात दिसतं आणि त्या पुढचा व्यायाम पाठवतात. त्यांनी बजावलं होतं, की सुरुवातीचे महिने सोन्याचे. हात हलवला नाही तर तो हलणंच विसरेल. आजोबांना काही पहाड उचलायचा नव्हता. ज्यांनी हजारो सदऱ्यांना बटणं लावली, त्यांना स्वतःच्या सदऱ्याचं बटण स्वतः लावायचं होतं.

पण डबा जोडलाच जाईना. याला कारण आमचं घर. आमच्याकडे प्रत्येक वस्तूला झबलं असतं: टीव्हीला, मिक्सरला, अगदी इस्त्रीलासुद्धा. राउटरचे हिरवे दिवे आईच्या डोळ्यांत खुपायचे, म्हणून तिने त्यालाही झबलं शिवून घेतलं आणि लोखंडी कपाटात, ब्लँकेटांच्या मागे बसवलं. मोबाइल लागला तर आम्ही कपाटाला खेटून बसायचो. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

इंजिनिअरकाकांनी गुरुजींना आणलं. "लहरींचा श्वास कोंडलाय," म्हणत त्यांनी राउटर कपाटातून काढून टेबलावर ठेवला आणि डबा जोडला गेला. इथेच थांबले असते तर मीही नमस्कार केला असता, कारण लोखंडाच्या पेटीत कोंबलेला राउटर बाहेर काढणं हे शहाणपणाचंच काम. पण त्यांनी राउटर उलटा करून त्याची 'नाभी' बराच वेळ न्याहाळली आणि घराचा नाद ऐकायला म्हणून आपला मोबाइल आमच्या इंटरनेटला जोडून घेतला.

त्या दिवसापासून गंमत सुरू झाली. गुरुजी आले, टुंग झालं, की डबा चालू. गुरुजींची पाठ वळली की डबा बंद. आईचा मोबाइल चालू, तिच्या ऑफिसचा कॉम्प्युटर चालू, रुसायचा तो फक्त आजोबांचा डबा. दर खेपेला भिंतीवर एक नवी तांब्याची पट्टी चढायची, अर्थात विकतची. हॉलचं भांड्यांचं दुकान झालं होतं.

आणि त्या रविवारी, सगळ्यांसमोर, गुरुजींनी निकाल दिला. हा डबा आजोबांच्या हातातली शक्ती ओढून घेतोय. व्यायाम बंद. हाताला पट्टी गुंडाळा, हात मांडीवर ठेवा, हलवू नका. पुढच्या रविवारी डबा मी घेऊन जाईन.

मी तोंड उघडलं तर आई म्हणाली, "एवढी शिकलेली माणसं मानतात, तू कोण लागून गेलीस?"

आजोबांनी आईलाच समजावलं. "तिला नको बोलूस. या घराला आता मीच नकोसा झालो असेन, त्याला डबा काय करणार."

आणि त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादं बोचकं ठेवावं तसा. आठवडाभर तो तिथून हलला नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी डबा उचलला आणि खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीकडे नेला. पासवर्ड टाकताच जोडला गेला. म्हणजे खोट डब्यात नव्हती आणि आजोबांत तर नव्हतीच. वर येऊन मी राउटर उलटा केला. नाभीच्या जागी एक चिकटपट्टी होती. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा कंपनीचा पासवर्ड त्यावर छापलेला, आणि आम्ही तो कधी बदललेलाच नव्हता. आईच्या मोबाइलवरून आत शिरले. आजोबांच्या डब्यापुढे स्पष्ट लिहिलं होतं: अडवलेलं. मी बोटाने ते काढलं. टीव्हीवरचं चाक टुंगशिवाय थांबलं.

नुसतं सांगून कुणी ऐकणार नव्हतं. मी डबा पुन्हा अडवला आणि सेटिंगचा पासवर्ड बदलून टाकला.

रविवारी पुन्हा गर्दी. मी गुरुजींना नम्रपणे विनंती केली, की डबा नेण्याआधी एकदा शेवटचं जोडून दाखवा. ते प्रसन्न हसले. टुंग. मोबाइलवर झुकले. चाक फिरत राहिलं. पुन्हा टुंग. अंगठा भराभर चालला, कपाळावर घाम आला, चाक आपलं फिरतंच आहे.

"या मुलीच्या मनात संशय आहे," ते म्हणाले. "म्हणून लहर उतरत नाही."

मी स्वयंपाकघरातून झारा आणला, टेबलावर ठणकन वाजवला, डब्याला टेकवला आणि आईच्या मोबाइलवर बोट फिरवलं. चाक थांबलं. पुन्हा ठणकन, डबा बंद. पुन्हा ठणकन, चालू.

"संशय माझ्या मनात," मी म्हटलं, "मग लहर माझ्याच झाऱ्याने कशी उतरते, गुरुजी?"

मग मी मोबाइल फिरवून सगळ्यांना दाखवला, चिकटपट्टी दाखवली, आणि काटा वाजल्यावर गुरुजी दर वेळी मोबाइलवर का झुकतात आणि जाताना डबा पुन्हा कसा अडवतात तेही सांगितलं. आई हळूच सोफ्यावर बसली. इंजिनिअरकाका म्हणाले, "पण आमच्याकडे तर..." आणि वाक्य तिथेच सोडून, आपला राउटर उलटा करून बघायला घरी पळाले.

गुरुजी पिशवी आवरत होते. तेव्हा आजोबा बोलले. आवाज चढवला नाही.

"डब्याशी खेळलात ते ठीक. माझा हात का थांबवलात?"

गुरुजी जिना तरातरा उतरले, लहर उतरावी तसे.

आजोबांनी पट्टी सोडवली, कांडी धरली. चेंडू थेट कडेच्या नाल्यात गेला आणि ते हसले. थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंचा फोन आला: हात पूर्वीइतका उठत नाहीये, मधे व्यायाम का थांबला?

लोक म्हणाले, झालं गेलं विसर, बिचाऱ्याचं पोट होतं त्यावर. मी का विसरू? कुणी तुमच्या घरात चमत्कार केला तर नमस्काराआधी एवढंच विचारा: हा माणूस उठून गेला की चमत्कार का थांबतो? विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही, बँकेत हुद्दा लागत नाही, वयही लागत नाही. वस्तू उलटी करून बघायची तयारी लागते.

आमचा राउटर आता झबल्याशिवाय टेबलावर बसतो. आजोबा रोज बाहुल्या पाडतात. सदऱ्याचं बटण लावायला त्यांना अजून आई लागते.