पंधरावं नाव

एप्रिलच्या ओल्या उजेडात मैदानावर पांढऱ्या रेघा उमटत जात, आणि त्या रेघांच्या टोकाशी, चुन्याची चाकगाडी ढकलत, बर्नीकाका मान किंचित खाली घालून शीळ घालत चालत असत. फर्मॅना परगण्यात ऊन आणि पाऊस एकमेकांसाठी थांबत नाहीत. दोन्ही एकदमच येतात. काकांच्या पांढऱ्या भुवयांवर थेंब लकाकत आणि कापलेल्या गवताचा हिरवा, कडवट वास कुंपणापलीकडच्या माझ्या स्वयंपाकघरापर्यंत पोचे.

नव्या शतकाच्या सुरुवातीला मी नागपूरहून उत्तर आयर्लंडमधल्या त्या खेड्याजवळच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून आले. बर्नीकाका माझे शेजारी. निवृत्त पोस्टमन, पंचाहत्तरीला टेकलेले. 'काका' म्हणजे काय ते मी त्यांना एकदा समजावून सांगितलं, आणि मग दुसऱ्या कुठल्या नावाने मारलेली हाक त्यांना चालेना. गावात एक चर्च, एक शाळा आणि एक गेलिक फुटबॉलचा क्लब. पंधरा-पंधरा जणांनी हातापायांनी खेळायचा हा खेळ बघणाऱ्याला धसमुसळा वाटतो. काकांना मात्र त्यात नदीच्या वळणांसारखी लय दिसे, आणि ती दाखवताना त्यांचे टपाल वाटून वाकडे झालेले खांदे क्षणभर सरळ होत.

क्लबचा इतिहास लिहून काढायचं त्यांनी मनावर घेतलं. टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी दुपारी ते खिडकीशी उभे राहून सांगत आणि मी टिपत जाई: पहिलं मैदान म्हणजे कोणाचं तरी कुरण, सामन्याआधी गाईंची मनधरणी करावी लागे, एका वर्षी सगळे सदरे एकाच हंड्यात रंगवले तर विटकरी लालाऐवजी कोवळे गुलाबी निघाले, आणि संघ तसाच खेळला. कामासाठी लोक इंग्लंडला, अमेरिकेला जात. संघ पानगळीतल्या झाडासारखा विरळ होई आणि कसाबसा पुन्हा भरे. एवढ्या वर्षांत कप एकच, पन्नासच्या दशकातला.

त्या कपाच्या फोटोखाली नावं घालायची होती. स्वतःसकट चौदा जणांचं घर, शेत, नातवंडं, सगळं काकांनी घडाघडा सांगितलं. पंधराव्यापाशी ते थांबले. "लिही, सीमस."

"आडनाव?"

"पाहुणा होता." एवढं बोलून ते किटलीत पाणी भरायला गेले. किटली आधीच भरलेली होती.

पुढच्या रविवारी ते आले तेव्हा त्यांची शीळ बंद होती. बसले, आणि खाली बघत म्हणाले, "पोरी, तो सीमस नव्हता. विल्बर्ट होता."

विल्बर्टना मी ओळखत होते. ओढ्यापलीकडचे प्रॉटेस्टंट शेतकरी. दर वसंतात ट्रॅक्टर आणून क्लबच्या मैदानाचं गवत कापून देत, पण फाटकाच्या आतल्या चहाला कधी थांबत नसत. हा खेळ कॅथलिकांचा. विल्बर्टच्या घरातून कोणी तो खेळत नसे, आणि रविवारी तर मुळीच नाही. अंतिम सामन्याच्या सकाळी गावाचे चौदाच जण उरले होते. विल्बर्ट घरी आजारी कालवडीचं निमित्त सांगून निघाला, उसन्या नावाने खेळला, आणि शेवटचा, जिंकून देणारा गुण त्यानेच मिळवला. पुढे त्या मुलखात कॅथलिक-प्रॉटेस्टंट रक्तपाताची अशी वर्षं आली, की हे गुपित फुटणं त्याच्या जिवावर बेतलं असतं. चौदा जणांनी ते जपलं. आता चौदांपैकी बर्नीकाका एकटेच उरले होते.

"खोटं नाव छापू की खरं?" त्यांनी मला विचारलं.

"मला नका विचारू, काका. त्यांना विचारा."

मग आम्ही ओढा ओलांडून गेलो. विल्बर्ट गोठ्याच्या दारात उभे होते, उंच, तांबूस, हातात बादली. काकांनी फोटो पुढे केला. विल्बर्टनी तो उजेडात धरला आणि इतका वेळ पाहिला, की बादलीशी आलेलं वासरू कंटाळून निघून गेलं.

"माझ्या आईला कधी कळलं नाही," ते म्हणाले.

"नको म्हणालास तर सीमसच राहील."

"बर्नी, पन्नास वर्षं मी तुझं गवत कापतोय. कशासाठी, असं वाटलं तुला?" ते किंचित हसले. "लिही नाव. शेवटी टी एकच आहे, दोन नाहीत, तेवढं नीट लिही म्हणजे झालं."

प्रकाशन क्लबच्या सभागृहात झालं. बाहेर मे महिन्याची लांबलचक संध्याकाळ, कुंपणांवर हॉथॉर्नचा पांढरा बहर. विल्बर्ट चर्चला जायच्या सुटात आले आणि दारातच थबकले. काकांनी त्यांचा कोपर धरून त्यांना आत आणलं. वाचता वाचता काकांनी पंधरावं नाव घेतलं, तेव्हा खुर्च्यांची चुळबुळ थांबली. मग मागून एक म्हातारा उठला. त्या अंतिम सामन्यात हरलेल्या गावचा, तोही त्या दिवशी खेळलेला.

"खोट्या नावाचा खेळाडू! म्हणजे तो कप आमचा," तो गंभीरपणे म्हणाला.

विल्बर्टनी वळून त्याच्याकडे पाहिलं. "सामना पुन्हा खेळू. गुडघा बदलून आलो की लगेच."

सगळं सभागृह हसलं, आणि त्या हशात काकांनी चष्मा काढून पुसला. पुढची काही वर्षं क्लबच्या चहाला दोन म्हातारे शेजारी बसत आणि नव्या पोरांच्या चुका मोठ्या आवाजात मोजत.

आता मी लंडनच्या कडेला, पिनरला राहते. ते दोघे एकाच हिवाळ्यात, तीन आठवड्यांच्या अंतराने गेले. माणूस गेला की त्याची जागा रिकामी होते, त्याला इलाज नाही. पण ती नेमकी कोणाची, हे कोणीतरी नीट विचारून लिहून ठेवलेलं असलं, तर काळ तिच्यावरून जातानाही जरा हळू पावलांनी जातो.