आश्रुबाचा निरोप

“झालं का बे चालू?” बीडहून संस्थेचे प्रमुख अर्जुनराव फोनवर विचारत होते. सकाळपासून त्यांनी उत्तरेश्वरला धड चहाही पिऊ दिला नव्हता.

“नाही साहेब. सर्व्हरच्या आत चोर शिरलेत. तपासून, पार कोरं करून नवीन बसवावं लागंल.”

“मग कर की कोरं! संध्याकाळी फडावरून मायबाप फोन लावतेत, लेकरं वाट बघतेत. जुनं काय करायचंय?”

उत्तरेश्वरने फोन ठेवून डोळे चोळले. नेकनूरजवळच्या या वसतिगृहात ऊसतोड कामगारांची मुलं राहायची. आईबाप कारखान्यांकडे गेले की एका ठरलेल्या नंबरावर बोलून निरोप ठेवायचे, आणि संध्याकाळी जेवणाआधी मुलांना ते ऐकवले जायचे. हे सगळे आवाज मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर साठत. त्याला उत्तरेश्वरने डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तरी वर्षानुवर्षं त्याची राखण तोच करत आला होता. हुद्दा लिपिकाचा, पगार लिपिकाचा, आणि काम गावच्या नळवाल्यासारखं. पाणी आलं नाही तरच लोकांना त्याची आठवण.

काल सर्व्हरच्या कंपनीने कळवलं होतं की तुमचं यंत्र दुसऱ्यांच्या यंत्रांवर हल्ले करतंय, म्हणून आम्ही ते इंटरनेटपासून तोडलंय. दुरुस्तीपुरती एक वाट मोकळी ठेवली होती. तिच्यातून तो आत डोकावला तेव्हा सगळं उघड झालं. चोरांनी स्वतःसाठी वेगळी किल्ली करून ठेवली होती, आपले प्रोग्राम लावून यंत्राला घाण्याला जुंपलं होतं, आणि जागा पुरेना तेव्हा निरोपांचा कप्पा पुसून टाकला होता. साप शिरलेल्या घरात नुसता झाडू फिरवून झोपता येत नाही. सगळं उपसून पुन्हा लिनक्स बसवणं भाग होतं.

निरोपांची नक्कल ऑफिसातल्या डिस्कवर उतरायची, तेही चोरांनी बंद पाडलेलं. डिस्कवरचा दिवा लुकलुकायचा आणि उत्तरेश्वरला वाटायचं, चाललंय काम. शेवटची नक्कल होती ती दसऱ्याच्या आठवड्यातली. म्हणजे चोर तेव्हाच आले.

दसरा म्हटल्यावर त्याने मान वर केली. समोरच्या भिंतीवर निळ्या मार्करने सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड लिहिलेला होता. “तू नसलास तर काम अडायला नको,” म्हणून अर्जुनरावांनीच तो लिहून घेतला होता. दसऱ्याला कोयते, खोरी, शिलाई मशीन यांच्या रांगेत लॅपटॉपचीही पूजा झाली. स्वयंपाकाच्या विमलबाईंनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली, आणि अर्जुनरावांनी फोटो काढून संस्थेच्या फेसबुकवर टाकला. उत्तरेश्वरने तो फोटो शोधून मोठा केला. हात जोडलेल्या विमलबाई, आणि त्यांच्या डोक्यावर अक्षर न् अक्षर वाचता येईल असा पासवर्ड. हा फोटो त्यालाही तेव्हा फार आवडला होता.

तो उठला आणि ओल्या फडक्याने भिंत घासू लागला. बैल गेला आणि झोपा केला. निळा डाग काही निघाला नाही.

“सर, च्या घ्या.” विमलबाई दारात होत्या. त्या वसतिगृहाचा स्वयंपाक करायच्या. गुडघ्याने दगा दिला म्हणून यंदा त्या तोडीला गेल्या नाहीत. नवरा, आश्रुबा, भावासोबत गेला. संक्रांतीला त्याने याच नंबरावर त्यांच्यासाठी निरोप ठेवला. पुढे थोड्याच दिवसांत मोळी ट्रॉलीवर चढवताना तो कोसळला, तो उठलाच नाही. तेव्हापासून विमलबाई रोज चुलीकडे जाण्याआधी इथे यायच्या आणि तो निरोप ऐकायच्या.

“आज मालकांचा आवाज लागतोय का?”

“चोर शिरले होते बाई. पुसलंय त्यांनी. मी शोधतोय.”

“आवाज नेऊन काय करणार हायत त्ये?”

“त्यांला ठावं बी न्हाई, काय पुसलं त्ये.”

विमलबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “दसऱ्याला म्या पूजा केल्ती की मशीनची. पूजेत काय कमी पडलं का माझ्या?”

खरं उत्तरेश्वरच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्याला अर्जुनरावांचा राग आला, स्वतःची लाज वाटली, आणि या बाईच्या पुढ्यात त्या दोन्हींचा काडीचा उपयोग नव्हता.

“न्हाई बाई,” तो म्हणाला. “पूजा लई चांगली झाल्ती.”

पुसलेल्या जागेतून तुकडे वेचणारा एक प्रोग्राम त्याने लावून ठेवला होता. हाती येत होता तो भुगाच. कुणाचं अर्धं ‘अभ्यास कर’, कुठे ट्रॅक्टरची धडधड, कुठे तान्हं रडतंय. अर्जुनरावांचा पुन्हा फोन आला.

“कावून उशीर बे? काय शोधतोस?”

“एक निरोप हाय साहेब. तो गावला की करतो कोरं,” उत्तरेश्वर म्हणाला आणि त्याने फोन कापला. साहेबांचा फोन त्याने आजवर कधी कापला नव्हता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एका तुकड्यात ओळखीचा खोकला सापडला. त्याने तो तुकडा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला, यंत्र कोरं करायला लावलं आणि विमलबाईंना हाक मारली. त्या पिठाच्या हातांनीच आल्या.

आधी खोकला. मग आश्रुबा म्हणाला, “हालो... आगं, आयकू येतंय का?”

पुढे नुसती खरखर. शेळीला पेंड घाल, गुडघ्याला तेल लाव, होळीला येतोच, हे सगळं गेलं होतं.

“येवढंच ऱ्हायलं बाई,” उत्तरेश्वर खाली बघत म्हणाला.

विमलबाईंनी बोटाने पुन्हा लावायची खूण केली. त्याने लावलं.

“हालो... आगं, आयकू येतंय का?”

“येतंय,” विमलबाई म्हणाल्या. “बोला.”

खरखर संपेपर्यंत त्या पिठाचे हात पुढे धरून तशाच उभ्या राहिल्या. मग भाकऱ्या थापायला आत गेल्या.