निराकार महाराज, पंचावन्न इंची

दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आमच्या बोरीवलीच्या टॉवरची लिफ्ट अकराव्या मजल्यावर जायची आणि तिथून हलायचं नाव घ्यायची नाही. हर्षद परुळेकरच्या दारापासून जिन्यापर्यंत चपलांचा खच. आत चौदा फुटांच्या हॉलमध्ये चाळीस माणसं मांडीला मांडी लावून टीव्हीकडे टक लावून बसलेली. मॅच नव्हती हो. टीव्हीवर निराकार महाराज प्रकट व्हायचे. नावाने निराकार, पण प्रकट व्हायचे पंचावन्न इंची आकारात.

चमत्कार काय तो नीट ऐका, नाहीतर म्हणाल काशीराम गवस सगळंच चेष्टेवारी नेतो. महाराज आधी हॉलमधून सगळ्यांना दर्शन देत, मग बेडरूममध्ये समाधीला बसत. हर्षद बाहेरून कडी लावायचा. मग सगळ्यांदेखत इंटरनेटचा डबा बंद करायचा, डिशची वायर टीव्हीतून उपटून आरतीच्या ताटासारखी फिरवून दाखवायचा, सगळ्यांचे मोबाइल बंद करून स्टीलच्या डब्यात भरायचा. आता हवेतून काही येणं शक्य आहे का, असं विचारायचा. लोक माना हलवायचे. आणि मग टीव्ही लावला की महाराज हजर. देह बेडरूममध्ये, आत्मा कैलासावर. मागे बर्फाचे डोंगर, कपाळावरच्या भस्माचा कण न् कण मोजून घ्या. आमच्या डिशवर ढग आला की मालिकेतली सून अर्धी दिसते. कैलासावरचं चित्र एकदाही अडखळायचं नाही.

"बालकांनो," महाराज म्हणायचे, "तुमचा वायफाय भिंतीला अडतो. आमचं चैतन्य एचडी आहे. त्याला रिचार्ज नाही, पासवर्ड नाही. पासवर्ड म्हणजे फक्त श्रद्धा."

टीव्हीखाली एक काळी डबी होती, कुंकवाने माखलेली. तिचा हिरवा दिवा लुकलुकायचा. ते सिद्धयंत्र म्हणे, आणि लुकलुकतं ते चैतन्य. बायका त्याला फुलं वाहायच्या. कैलासावर महाराजांना हॉलमधले प्रश्न ऐकू कसे जातात, हे कोणी विचारलं नाही. बेडरूमचं प्लायवूडचं दार टीव्हीपासून आठ फुटांवर. कान शाबूत असले की पुरे.

मी गप्पच बसलो असतो. टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं केबल जोडून रिटायर झालेला माणूस मी, कुणाच्या भक्तीत कशाला नाक खुपसू? पण मध्ये धाकू आला.

धाकू मेस्त्री आणि मी एकाच चाळीत समोरासमोर तीस वर्षं काढली. चाळ पाडून हा टॉवर झाला, तिथेही शेजारीच. त्याची बायको कुंदा, तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की गाठ लहान आहे, वेळेत सापडली आहे, सोमवारी काढून टाकू, बाई बरी होईल. उशीर केलात तर मात्र मी काही सांगू शकत नाही. ऐकून धाकूने ऑपरेशनचाच धसका घेतला. गावचा देव तीनशे मैलांवर, म्हणून तो कौल घ्यायला अकराव्या मजल्यावर गेला. मला ओढून नेलं. कुंदा मागून मुकाट आली.

आमच्या कोकणात गाऱ्हाणं घालतात ते तुम्हाला ठाऊक असेल. एकजण देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तो 'म्हाराजा' म्हणजे गावचा देव. या पठ्ठ्याने नावच महाराज घेतलेलं, त्यामुळे देवाचा सगळा होकार आयताच त्याच्या पदरात. धाकूने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, चाळीस तोंडांनी 'व्हय म्हाराजा' केलं, आणि टीव्हीतल्या महाराजांनी दगडावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. डावी पडली, म्हणजे देवाचा नकार.

"डावा कौल," महाराज म्हणाले. "शस्त्र लावू नका. चाळीस दिवस आमचं तीर्थ पाजा. गाठ विरघळेल."

कुंदा कोपऱ्यात पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. खरं सांगतो, मीही नाही. माझं लक्ष त्या हिरव्या दिव्याकडे होतं. असे लुकलुकणारे दिवे बघण्यात माझा जन्म गेला. दिवा असा लुकलुकतो म्हणजे वायरीतून काहीतरी येतंय. डबीखालून एक वायर निघून हारामागे भिंतीत शिरली होती, तीही दिसली.

आता आमच्या टॉवरची एक गंमत सांगतो. बिल्डरने प्रत्येक घरात, दाराशेजारी छातीच्या उंचीवर, भिंतीत एक छोटं कपाट दिलंय. खोल्याखोल्यांतल्या नेटवर्कच्या वायरी तिथे येऊन मिळतात. पण आम्ही दहा बाय बाराच्या खोलीतून आलेली माणसं. आम्हाला वाटलं, वा, बिल्डरने देव्हारा दिला! बत्तीसच्या बत्तीस घरांत त्या कपाटात देव बसले आणि वायरी देवामागे ढकलल्या गेल्या. पारोशा हाताने तिथे कोणी शिवत नाही. हर्षदला लपवायला याहून झकास जागा कुठे मिळणार?

मी उठलो, नमस्काराच्या निमित्ताने हर्षदचा देव्हारा उघडला आणि तसबीर बाजूला केली. मागे वायरींची गुंडाळी आणि त्यातल्या दोन एकमेकींना जोडलेल्या. वरच्या चिठ्ठ्यासुद्धा बिल्डरच्या माणसाने लिहिलेल्या तशाच होत्या, बेडरूम आणि हॉल. मी जोड उपसला.

टीव्हीवर अक्षरं आली, 'सिग्नल नाही'. आणि बंद दारामागून महाराजांचा आवाज चालूच होता, की बालकांनो, इथे कैलासावर थंडी फार आहे.

तुम्हाला वाटेल, खेळ खलास. छे! हर्षद ओरडला की पारोशा हात लागला, देव कोपला. झालं, चाळीस जणांच्या लेखी मीच गुन्हेगार. धाकू तर माझ्याकडे बघेना. "काशी, देवाच्या कामात पाय घालू नको," एवढं म्हणाला आणि शुक्रवारी सकाळी हॉस्पिटलला फोन करून कळवलं की सोमवारी आम्ही येत नाही. असा संताप आला मला. महाराजांचा नव्हे, तो तर धंदाच करत होता. संताप आला तो माझ्या मित्राच्या भीतीचा, आणि त्या भीतीपायी मरायला निघालेल्या कुंदाकडे बघून माझा जीव तुटला.

माझी मुलगी श्रुतिका अंधेरीच्या ऑफिसांत मीटिंगच्या खोल्यांचे कॅमेरे आणि पडदे बसवते. तिला सांगितलं तर ती पोट धरून हसली. म्हणाली, बाबा, या डब्या जोडीने दुकानात मिळतात. एक चित्र वायरीत ढकलते, दुसरी वायरीतून काढून टीव्हीला देते. या खोलीतलं चित्र त्या खोलीत, स्वच्छ एचडी. इंटरनेटचा संबंधच नाही. हर्षदने इंटरनेट बंद केलं, वायर कुठे बंद केली? रस्त्यावर बाहेरून गाड्या येऊ दिल्या नाहीत, म्हणून गल्लीतली सायकल थांबते का? आणि कैलासाचा बर्फ लॅपटॉपमधला, घरून काम करणारे पसारा झाकायला मागे लावतात तोच.

शनिवारी सकाळी आम्ही आमच्या देव्हाऱ्यातले देव हलवले. बायको ऐकेना म्हणून मी आंघोळ करून, धोतर नेसून वायरी जोडल्या. मग श्रुतिकाने कुंदाला बोलावून आतल्या खोलीत लॅपटॉपसमोर बसवलं. मी म्हटलं, वहिनी, काहीही बोला, बाजाराची यादी वाचलीत तरी चालेल. मग धाकूला चहाला हाक मारली. त्याच्यासमोर इंटरनेट बंद केलं, डिशची वायर काढून त्याच्या हातात दिली आणि टीव्ही लावला.

कैलासावर कुंदा. धाकू उभाच राहिला, हात आपोआप जोडले गेले. "धाकू, हात जोडतोस?" आत ऐकू जाईल असं मी मोठ्याने विचारलं.

"हात कित्याक जोडतंस?" टीव्हीतून कुंदा म्हणाली. "मी कैलासार नाय. काशीभावजींच्या खोलयेत खाटीर बसलंय. माका सोमवारी जावचा आसा. माका जगूचा आसा. सगळ्यांका इचारलंस, माकाच तेवढा इचारूक नाय."

धाकूला मी देव्हाऱ्यापाशी नेलं आणि जोड त्याच्याच हाताने काढायला लावला. कुंदा टीव्हीवरून गेली. पुन्हा लावायला लावला. कुंदा आली. तीनदा त्याने तेच केलं. मग जाऊन त्याने आतल्या खोलीचं दार उघडलं आणि टीव्हीवर आम्हाला दिसलं, पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा घातलेला धाकू कैलासावर बायकोशेजारी बसला.

"माका भिती वाटली गो," तो म्हणाला आणि लहान मुलासारखा रडला. श्रुतिकाने टीव्ही बंद केला. ते बघायचा आमचा हक्क नव्हता.

थोड्या वेळाने बाहेर येऊन त्याने माझ्याच फोनवरून हॉस्पिटलला फोन लावला. जागा अजून गेली नव्हती. सोमवारी कुंदाची गाठ काढली. पुढची औषधं चालू आहेत, तीच घेतेय, वेळच्या वेळी, डॉक्टरांना दहा प्रश्न विचारून. निराकार महाराज हल्ली कांदिवलीला प्रकट होतात म्हणे.

म्हणून सांगतो, देवाला खुशाल हात जोडा, माझी ना नाही. पण हवेतून कोणी काही काढून दाखवलं की आधी भिंतीतली वायर शोधा, आणि देवाच्या तसबिरीमागे बघायला लाजू नका. आजाराचं डॉक्टरला विचारा. आणि कुणाच्या जिवाचा कौल लावायला निघालात, तर ज्याचा जीव आहे त्याला आधी विचारा. ते माणूस बहुतेक वेळा त्याच घरात असतं, तुमच्या मागे कोपऱ्यात बसलेलं.