माझ्याकडे तर चालतंय

"यंत्र सापडलं नाही," ताईने फोनवर पाचव्यांदा वाचून दाखवलं. "चौथ्या पायरीवर पुन्हा तेच. तुझंच पान आहे ना हे? मग सांग की!"

धाकटीने स्वतःच्या लॅपटॉपवर चौथी पायरी चालवून पाहिली. चुटकीसरशी झाली.

"माझ्याकडे तर चालतंय गं."

"तुझ्याकडे अंडी नाहीत!"

ताई पक्षी संशोधन केंद्रात काम करायची. पाणपक्ष्यांनी सोडून दिलेल्या घरट्यांतली अंडी तिथे सहा पेट्यांत उबवायला ठेवली होती. आठवड्याभरात पिल्लं बाहेर यायची होती, आणि आज सकाळी पेट्यांचं तापमान सांभाळणारा संगणक बसला. दुसरा मिळाला, पण त्यावर सगळं नव्याने बसवायचं होतं. पेट्या ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सॉफ्टवेअरवर, चालत ते ओपन सोर्स होतं. जगभरच्या हौशी मंडळींनी फावल्या वेळात लिहिलेलं, कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्त करावं. त्याची माहितीची पानं धाकटी सांभाळायची. 'पान वाचून बाबासुद्धा बसवतील,' असं छातीठोकपणे सांगून तिनेच ते ताईच्या गळ्यात मारलं होतं.

"वायर बदलून बघ."

"तीन बदलल्या. अगं, सहा हीटर मी हाताने चालू-बंद करतेय. एकीकडे वळले की दुसरीकडचा पारा चढतो. लवकर काहीतरी कर, पाया पडते तुझ्या."

ताई आजवर असं कधी बोलली नव्हती.

शेजारी बाबा लॅपटॉपवर शब्दकोडं सोडवत होते. त्या लॅपटॉपवर असलं काही कधी बसवलेलं नव्हतं. धाकटीने स्वतःचा चाचणीचा, पेट्यांतल्यासारखाच सर्किट बोर्ड काढला आणि बाबांच्या लॅपटॉपला जोडला.

"बाबा, हे पान वाचा आणि लिहिलंय तस्संच करा."

"मी? तूच कर की."

"मी हात लावला तर सवयीने काहीतरी करून बसेन."

बाबांनी चष्मा सारखा केला आणि एकेक अक्षर तपासत तीन पायऱ्या पार केल्या. चौथीला पडद्यावर उमटलं: यंत्र सापडलं नाही.

बोर्ड चांगला होता, वायरही चांगली होती. म्हणजे यंत्र सापडत होतं. पण संगणक बाबांना त्याला हात लावायची मुभा देत नव्हता. मुभा असलेल्यांची एक यादी प्रत्येक संगणकात असते. तीन वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, धाकटीने आपल्या लॅपटॉपच्या यादीत स्वतःचं नाव घातलं होतं आणि साफ विसरून गेली होती. त्यानंतरची प्रत्येक चाचणी तिने त्याच लॅपटॉपवर केली होती.

बाबांचं नाव यादीत घालून लॅपटॉप बंद-चालू केला. चौथी पायरी झाली.

"ताई, लिहून घे. एकच ओळ आहे. मग संगणक बंद करून चालू कर."

पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या. मग ताईची पावलं पेट्यांकडे गेली आणि परत आली.

"सापडलं," ताई म्हणाली. आवाजात आनंद नव्हता. "पाचव्या पेटीत तापमान एक्केचाळीसच्या वर गेलं होतं गं. मी दुसरीपाशी होते."

"किती होती त्यात?"

"तीन. उजेडासमोर धरून बघितली. दोनांतली पिल्लं हलत नाहीत. तिसऱ्याचं कळत नाहीये."

धाकटीने पानात नवी पायरी लिहायला घेतली. याबद्दल आधी कुणी काही कळवलंय का, म्हणून जुन्या तक्रारी शोधल्या. एक सापडली. चार महिन्यांपूर्वी कुणा अनोळखी माणसाने लिहिलं होतं: 'चौथ्या पायरीवर यंत्र सापडत नाही. दोन दिवस झगडतोय.' खाली उत्तर होतं: 'माझ्याकडे चालतंय.' तक्रार बंद.

उत्तर तिचंच होतं.

तिने तक्रार पुन्हा उघडली. 'तुमचं बरोबर होतं,' एवढंच लिहून पाठवलं.

"झालं ना सगळं?" बाबांनी हळूच विचारलं.

"नाही. नवं पान पहिल्यापासून करून बघायचंय."

"मग बसतो की. दे इकडे."

"यावर नको, बाबा. आता याच्याही यादीत नाव चढलंय. हा काय सांगेल, चालतंय म्हणूनच. आईचा लॅपटॉप आणता का?"

बाबा उठले. फोन चालूच होता. त्यातून हीटर आपोआप चालू-बंद झाल्याची टकटक येत होती. ताई अजून तिसरं अंडं उजेडासमोर धरून उभी होती.