मधोमध उभा काटा

मिस्त्रीने आजवर शेकडो इंजिनं उघडली होती, पण या गाडीशी त्याची गाठ पडायला नको होती. गाडी भाड्याने फिरायची. मालक दुसराच, आणि चालवायचे मिस्त्रीच्या धाकट्या बहिणीचे यजमान. भर रस्त्यात इंजिन तापून जाम झालं. मालकाचं म्हणणं एकच: तापमानाचा काटा लालमध्ये जाऊनही गाडी हाकली असेल, तर उद्यापासून येऊ नका. भावजी बिचारे गॅरेजात उभे राहून पुन्हा पुन्हा सांगत होते, "दादा, काटा मधोमधच होता हो."

मिस्त्रीने इंजिनाचं तापमान सांगणारा सेन्सर काढला, मीटरला जोडला आणि पातेल्यातल्या पाण्यात सोडून पाणी तापवलं. गार पाण्यात जो आकडा, खळखळ उकळत्या पाण्यातही तोच. सेन्सर मेला होता. भावजी सुटले म्हणून त्याला हायसं वाटलं. खात्रीसाठी त्याने चावी फिरवली. सेन्सरच जागेवर नाही म्हटल्यावर काटा तळाला पडून राहायला हवा. तो निमूटपणे मधोमध येऊन उभा राहिला.

मिस्त्रीने चावी काढली. त्याने डॅशबोर्ड खोलला. काट्याच्या तारेला सेन्सरऐवजी कायम एकच आकडा दाखवणारा तांदळाएवढा रेझिस्टर जोडलेला, वर निळी टेप, टोक दुमडलेलं. टेपचं टोक असं दुमडायची खोड त्याची स्वतःची. सहा महिन्यांपूर्वी सेन्सर मिळेना, तेव्हा 'दोन दिवस चालवा' म्हणत यानेच काटा फसवून ठेवला होता. पुढे नवा सेन्सर आला, तो भलत्याच गाडीत बसवला, आणि महाशय साफ विसरले. वर मालकाला छातीठोकपणे सांगून मोकळे, बदलला म्हणून!

तेवढ्यात मालक आला. त्याच्या अकराच्या अकरा गाड्या याच गॅरेजात यायच्या.

"सेन्सर तुम्हीच बदलला होता ना? मग?"

"सेन्सर ठणठणीत आहे," मिस्त्री म्हणाला.

"म्हणजे काटा चढला होता."

"चढला असणार."

बोलून गेला आणि त्याला स्वतःची किळस आली. भावजींनी आता चार शिव्या हासडाव्यात, गळा धरावा, असं त्याला मनापासून वाटत होतं. त्यांनी तसलं काही केलं नाही.

"दादा म्हणतायत म्हणजे चढलाच असेल," ते मालकाला म्हणाले. "माझंच लक्ष नसेल." मग मिस्त्रीकडे वळून हळूच म्हणाले, "घरी हिला मात्र तुम्हीच सांगा. तुमच्यावर विश्वास आहे तिचा."