तीन खटके, दोन दिवे

मी जुन्या सागवानी लाकडाची एक पेटी आहे. मित्रांनो, माझं लाकूड जुनं, पण पेटी म्हणून वय सव्वा वर्ष. जळगावच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून सुकदेव नानांनी मला घडवलं. नाना तिथले परिचर.

१९९८ साली तिथे शिकवणाऱ्या सरांनी एका मासिकात वाचलं, की परदेशात क्वांटम संगणनातली चूक प्रयोगात दुरुस्त करून दाखवली. तिथला संदेश फार नाजूक. उघडून पाहिला की मोडतो. म्हणून तो तीन अणूंत गुंफायचा आणि 'तू काय आहेस?' असं कोणालाच न विचारता, 'तुम्ही दोघं सारखे आहात का?' एवढंच विचारायचं. मी त्या युक्तीची साधी नक्कल.

माझ्या झाकणाखाली तीन खटके. तिन्ही वर म्हणजे 'हो', तिन्ही खाली म्हणजे 'नाही'. बाहेर दोन दिवे. पहिला आणि दुसरा खटका एकसारखे नसले, की एक दिवा लागतो. दुसरा आणि तिसरा एकसारखे नसले, की दुसरा. कोणी गुपचूप एक खटका उलटा करी. नाना नुसते दिवे पाहून, झाकणाखाली हात घालून, नेमका तोच सरळ करत. दिवे विझत, मुलं टाळ्या वाजवत. दोन खटके एकदम उलटले तर मी फसते, हेही सर सांगत. ते ऐकायला कोणी थांबत नसे.

डिसेंबरात धुळ्याला विज्ञान प्रदर्शन होतं; नाना मला घेऊन तिथे गेले. नशिराबादला नानांची बायको, द्रौपदाबाई, आठ दिवस तापानं पडून होती. जवळ तिची बहीण लिलाबाई होती. गावातले तिघं प्रदर्शनाला येणार होते. नानांनी तिघांनाही सांगून ठेवलं, "येताना घरी डोकावून या." एकाचं ऐकून घाबरायचं नाही, म्हणून तिघं. ही शिकवण माझीच.

साडेबाराला पुना आणि नथ्थू आले.

"ताप उतरना, नाना. आते बठ्ठं बरं शे," नथ्थू म्हणाला. म्हणजे आता सगळं ठीक.

पुना हसला. "वहिनी म्हने, नाना घर नही तं कानले आराम शे!"

सव्वा वाजता आधार आबा आले. "सुकदेव, आत्तेच चाल. तिनी तब्येत बरी नही."

"आबा, दोन जण बरं शे म्हणतस."

"मी सोता देखं. नही पटत तं इचार तुना खोकाले!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. दोन सारखे, एक वेगळा; वेगळा तो चुकलेला. परीक्षक तीनला येणार होते. दीडची गाडी गेली.

परीक्षकांनी एक खटका उलटवला. नानांनी तो सरळ केला. पहिलं बक्षीस मिळालं. चारच्या गाडीनं निघून नाना सातला घरी पोचले. द्रौपदाबाई पाच वाजून दहा मिनिटांनी गेली होती. "दोनदा इचारं तिनी, 'ते उनात का?'" लिलाबाईनं सांगितलं. नाना आले का, एवढंच तिचं विचारणं होतं. दीडच्या गाडीनं ते साडेचारला पोचले असते.

पुना घरी गेलाच नव्हता. नथ्थूही नाही. स्टँडवर कोणीतरी नथ्थूला सांगितलं, नथ्थूनं बसमध्ये पुनाला. वहिनीचं वाक्य पुनानं बसमध्येच रचलं होतं.

पंधरा दिवसांनी नाना प्रयोगशाळेत आले. त्यांनी माझे तिन्ही खटके वर केले. मग पहिले दोन खाली ओढले. दिवा तिसऱ्याकडे, एकट्या खऱ्याकडे, बोट दाखवू लागला. नानांनी तोही खाली केला. आता एकही दिवा लागलेला नव्हता.

"सुकदेव, पेटीत चूक नव्हती," सर म्हणाले.

"तेच तर, सर."

नंतर मला कपाटात ठेवलं. कोणी काढत नाही.

मित्रांनो, मला कधी बाहेर काढलंत, तर माझी धूळ नंतर पुसा. दोघं एकच सांगत असतील, तर आधी दोघांनाही विचारा, "तू स्वतः घरात गेला होतास का?" हे विचारायला माझ्याजवळ दिवा नाही. माझे तिन्ही खटके अजून खालीच आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.