भाच्यांचं गाव

गावात शिरायचं म्हणजे आधी पूल ओलांडायचा, आणि पूल ओलांडला की नुसता चढ. तो चढ म्हणजेच गाव. खाली पुलापाशी न्हाव्याचं दुकान, वर टोकाला कॉलेजचं फाटक आणि मधे दोन्ही अंगांना घरं. बाकी इथे काही नाही हो, खरंच नाही. पूर्वी पाथरवटांच्या चार झोपड्या होत्या आणि खाणीची धूळ होती. मग कुणा पोरबाळ नसलेल्या श्रीमंताच्या मनात आलं, की आपल्या नावाचं एक कॉलेज असावं. जागा स्वस्त होती, नाही म्हणायला कुणी नव्हतं, म्हणून त्याने हा डोंगर निवडला. कॉलेज उभं राहिलं आणि होस्टेलचा पाया खणायच्या आतच बिचारा गेला. मग पोरांनी राहायचं कुठे? गावात. झालं! पाथरवटांनी छिन्नी-हातोडा कोपऱ्यात ठेवला आणि घरांच्या मागच्या अंगाला खोल्या काढल्या.

आजही समोरून बघाल तर प्रत्येक घराला एक दार, एक खिडकी. मागून बघाल तर आगगाडी. डब्याला डबा जोडावा तशी खोलीला खोली. असं चोरून वाढायचं कारण म्हणजे कर. भाड्याच्या खोल्यांवर कर बसला आणि त्या वर्षापासून गावात भाडेकरू म्हणून कुणी उरलाच नाही, सगळे भाचे झाले. बगलेत पिशवी धरलेला माणूस पुलावर दिसला, की न्हावी हातातला वस्तरा तसाच धरून ओरडायचा, "कपडे काढा गं, कपडे!" मग घराघरातून दोऱ्यांवरचे शर्ट, टॉवेल, मोजे पटापट आत जायचे. भाचे चपला हातात घेऊन माळ्यावर. पिशवीवाला दारात आला की घरधनीण पदार्थ ढवळत असल्यासारखी हातात पळी घेऊन यायची आणि सांगायची, "आम्ही दोघंच."

या कामात शिंपीमामाच्या बायकोचा हात धरणारं कुणी नव्हतं. सगळं कॉलेज तिला मामी म्हणायचं. नवीन भाची राहायला आली की मामी तिला आधी चहाचा डबा दाखवायची, मग न्हाणीघर, आणि मग लपायचं कसं ते शिकवायची. "ताट लागलीच उचलायचं. दोन ताटांच्या जागी तिसरं दिसलं की संपलं. चपला बोटात अडकवायच्या, पायात नाही. आणि खोकला आला तर उशी." हे शेवटचं सांगताना ती स्वतःच हसायची, कारण खोकला तिचाच होता. बाप पाथरवट, लहानपण सगळं खाणीच्या धुळीत गेलेलं. दमा तिला माहेरून मिळालेला एकुलता एक दागिना, असं ती म्हणायची. पण पुलापाशी सरकारी दवाखाना होता. तिथली सिस्टर तिला बघताच काही न विचारता वाफेचं यंत्र लावायची, जास्त झालं तर ऑक्सिजन. तासाभराने मामी पुन्हा चढ चढून घरी, आल्या आल्या भाच्यांवर ओरडायला मोकळी.

शिरगणती झाली त्या दिवशी शिंपीमामा खिडकीपाशी मशीनवर होता. पदवीदानाचे दिवस जवळ आलेले, कोटांचा ढीग पडलेला. मोजणीला आलेली बाई कुठल्या तरी शाळेची मास्तरीण होती, उन्हाने लाल झालेली. पण पिशवी होती बगलेत, म्हणजे न्हावी ओरडलाच. मास्तरीणबाई उंबऱ्यावर टेकल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "हे बघा, कराशी याचा काही संबंध नाही. आज रात्री या घरात जेवढे झोपणार, तेवढे सगळे सांगा."

"आम्ही दोघंच," मामी म्हणाली.

तेवढ्यात माळ्यावर काहीतरी धाडकन पडलं. भाचीचा पेला असणार, गबाळीच होती ती.

"मांजर आहे," मामी म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही.

मामाच्या तोंडात टाचण्या होत्या. खरं म्हणजे त्याला वाटलं होतं, की बाई खरं बोलत असावी. पण टाचण्या काढून बोलण्याइतकं काही ते महत्त्वाचं वाटलं नाही. बाई पुढच्या दारी गेली आणि मामी इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

पुढच्या वर्षी दवाखान्याच्या दारावर नोटीस लागली. गावाची लोकसंख्या नियमात बसत नाही, सबब दवाखाना नदीपलीकडे पंधरा मैलांवरच्या मोठ्या गावी हलवण्यात येत आहे. सगळा चढ पुलापाशी गोळा झाला. कुणी कॉलेजवर खेकसलं, कुणी सरकारवर. मग वाणी जरा दबकत म्हणाला, "मी दोघंच सांगितलं होतं बुवा. तुम्ही?"

"दोघंच."

"आम्हीपण."

"घ्या!" न्हावी म्हणाला. "म्हणजे सरकारच्या हिशेबी हे सगळं कालपरवा लग्न झालेल्यांचं गाव!" कुणीतरी हसलं. तेवढ्यात सिस्टर वाफेचं यंत्र कापडात गुंडाळून गाडीत ठेवायला घेऊन आली आणि हसणाऱ्यानेच बाजूला होऊन तिला वाट दिली. मामीने त्या यंत्रावरून एकदा हात फिरवला, एवढंच.

शिंपीमामा मोठ्या शहरातल्या कचेरीत गेला. इस्त्रीचा शर्ट घातला, वाक्यं मनात घोकली. साहेबाने मान वर केली आणि एकदम उभाच राहिला.

"मामा! ओळखलंत का? न्हाव्याच्या माळ्यावर होतो मी. माझा पदवीचा कोट तुम्हीच शिवला होता, एक बाही आखूड झाली होती."

"खांदा तुझा तिरका होता, लेका. बाही बरोबर होती," मामा म्हणाला आणि त्याला हायसं वाटलं. आपला माणूस निघाला, आता काम झालंच. चहा आला. मामाने सगळं सांगून टाकलं. आम्ही खोटं बोललो, सगळे बोललो, हवं तर कर लावा, दुप्पट लावा, पण माणसं पुन्हा मोजा.

साहेबाने कपातला चहा हलवला, प्यायला नाही. "मामा, मला का माहीत नाही? मी स्वतः तिथे उशीत तोंड खुपसून बसलोय. पण शिरगणतीत जे लागलं ते लागलं. माझ्या हातात असतं तर आत्ता या क्षणी केलं असतं. आता पुढची मोजणी दहा वर्षांनी."

"तोवर तिने काय श्वास रोखून धरायचा?"

निघताना साहेब मामाच्या पाया पडला, आणि मामाला त्या क्षणी त्याचा असा राग आला की सांगता सोय नाही. पाया कसला पडतोस, दवाखाना दे की रे. पण हे तो बोलला नाही. पोराच्या हातात खरंच काही नव्हतं, ते दिसत होतं.

मोठा झटका आला तो दुपारी. मामी कपडे वाळत घालत होती आणि तिथेच बसली. ओठ निळे पडले. भाच्यांनी खुर्चीत बसवून तिला चढावरून पळत खाली नेलं, पुलावर एक ट्रक अडवला. त्या दिवशी ती वाचली ती केवळ ट्रकवाल्याने कुठेही ब्रेक लावला नाही म्हणून. शहरातला डॉक्टर मामाला बाजूला घेऊन म्हणाला, "ऑक्सिजन हाकेच्या अंतरावर नसेल, तिथे यांना ठेवू नका. पुढच्या वेळी ट्रक मिळेलच असं नाही."

तेव्हा मामी शहरात तिच्या भावाकडे राहायला गेली. मामाला जाता येईना. मशीन इथे, गिऱ्हाईक इथे, भावाच्या दोन खोल्यांत एक माणूसच कसंबसं मावत होतं. "चार दिवसांचा तर प्रश्न आहे," मामी म्हणाली. कुठले चार दिवस, ते दोघांनाही माहीत होतं. भाच्या रडल्या. मामीने त्यांना चहाचा डबा कुठे असतो ते पुन्हा एकदा सांगितलं.

मामा दर रविवारी बसने जायचा. अशाच एका रविवारी सगळे जेवायला बसले होते. भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली, मामी आणि मामा. दारावर थाप पडली. वहिनीने उघडलं. बगलेत पिशवी धरलेला एक माणूस उभा होता, पाणीखात्याचा. पाणीपट्टी आता माणशी आकारणार होते म्हणे. "घरात किती जण?"

"आम्ही चौघंच," वहिनी म्हणाली. "हे पाहुणे आहेत, संध्याकाळच्या बसने चालले."

मामाने शेजारी पाहिलं. मामी तिथे नव्हती. ताट नव्हतं, तांब्या नव्हता, दाराजवळच्या चपलासुद्धा गेल्या होत्या. खोलीतला पडदा किंचित हलत होता, मग तोही थांबला. कसलेली बाई. पाच म्हण, मामाने स्वतःला सांगितलं. या वेळी तोंडात टाचण्या नाहीत. पाच म्हण की!

पण पाच म्हटलं तर वहिनी काय म्हणेल? आज काही म्हणणार नाही. उद्या म्हणेल. आणि मग मामीला न्यायचं कुठे?

माणसाने आकडा लिहायला घेतला आणि पडद्यामागून खोकला आला. एकच, दाबलेला. मग उशीत कोंडल्यासारखी शिट्टी, श्वासाची. माणसाचं पेन थांबलं. भाऊ ताटाकडे बघत बसला.

"आत कोण आहे?" माणसाने विचारलं.

आतली शिट्टी बारीक होत चालली होती. ती आता श्वास रोखून धरत होती, हे मामाला बाहेर बसून कळत होतं. चाळीस वर्षं तो त्या श्वासाशेजारी झोपला होता. हा माणूस जितका लवकर जाईल तितकं बरं.

"मांजर आहे," शिंपीमामा म्हणाला.